अंडी दिसतात का

रविवार, ९ एप्रिल

धाकटे,

दोन वर्षांनी लिहिते आहे, पण खुशाली विचारण्यासाठी नव्हे. खालच्या बेकरीवाल्याशी माझा एक वाद चालू आहे. तो माझं ऐकत नाही, म्हणून तुला विचारायची वेळ आली. फोन केला असता. पण फोनवर माझा आवाज चढतो, हे तुला माहीत आहे.

वाद असा. गेल्या सोमवारी दुपारी मी छापखान्यात मुद्रितं तपासत होते. बेकरीवाला म्हणतो, बाराच्या सुमारास त्याच्या दुकानाच्या पाटीवर मधमाश्यांचा घोस लटकला, भोपळ्याएवढा. पाटीवरचं ‘ताजा’ झाकलं गेलं आणि नुसतं ‘पाव’ उरलं. दोन तास गिऱ्हाईक फिरकलं नाही. मग घोस एकदम उठला आणि समोरच्या छपरांवरून निघून गेला. त्याचं म्हणणं, माश्या माझ्या.

मी म्हटलं, “माझ्या नाहीत.”

“दुरुस्तीबाई, गच्ची तुमची, पेटी तुमची. मग माश्या कोणाच्या? म्युनिसिपालिटीच्या?”

“आदल्याच दिवशी पेटी तपासली मी. नव्या राणीसाठी बांधायला घेतलेली घरं सगळी कापून काढली. राणीघर नाही तर नवी राणी नाही. आणि नवी राणी येणार नसेल तर जुनी राणी माश्या घेऊन घर सोडत नाही.”

“हे त्यांना माहीत होतं का?”

असा माणूस. तेव्हा तू सांग. राणीघरं कापल्यावरही थवा उठतो का? हो की नाही, एका ओळीत लिही. त्याला दाखवायचं आहे.

पेटी उत्तम आहे. बाबांच्या पद्धतीने दर रविवारी उघडते. आजही उघडली. राणीघरं या वेळी जास्त होती, चौदा. त्यातलं एक खालच्या कोपऱ्यात, चौकटीच्या लाकडाला चिकटलेलं, तोंड बंद झालेलं, चांगलं जुनं. सगळी काढली, एकही ठेवलं नाही. राणी दिसली नाही, पण ती दर वेळी दिसावी असं नाही. अंडी आहेत. माश्या जरा कमी वाटल्या. ऊन चांगलं होतं, बाहेर गेल्या असतील.

तुमची पेटी कशी आहे ते विचारत नाही. ती तुमची कशी झाली याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

ताई

अक्षर मोठं आलं आहे. पेन नवं आहे, जाड उमटतं.


बुधवार, १९ एप्रिल

धाकटे,

तुझं कार्ड पोचलं. “एक राहून गेलं तर उठतो. अंडी दिसतात का?”

पहिलं वाक्य बेकरीवाल्याला दाखवलं. दुसऱ्यावर अंगठा ठेवला होता. त्याने कार्ड हातात मागितलं, मी दिलं नाही. तो म्हणाला, “म्हणजे मी जिंकलो. बहीण सरळ आहे तुमची.” मी म्हटलं, “तुम्ही तिला ओळखत नाही.”

दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला कळला नाही. एकतीस वर्षं मी मुद्रितं तपासते आहे. स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं तरी मला ते हाताच्या अंतरावरून खुपतं. मला कोणी असलं विचारत नाही.

या रविवारी पेटी उघडली. मेणाने झाकलेली पिल्लं आहेत, पुष्कळ आहेत. उघड्या अळ्या नाहीत. अळ्या मला दिसतात, म्हणजे असत्या तर दिसल्या असत्या. त्या पांढऱ्या आणि लठ्ठ असतात. राणी बहुधा विसावा घेत असावी. आवाज मात्र निराळा येतो. एरवी झाकण उचललं की माश्या एकदा गुणगुणून गप्प होतात. आता गप्प होत नाहीत. लांबलचक, बारीक, एका सुरात चालू राहतं. मी झाकण ठेवून जिना उतरले तरी ऐकू येत होतं. कदाचित येत नसेल, मलाच वाटलं असेल.

सहज माहिती म्हणून विचारते: राणी नसलेली पेटी किती दिवस टिकते? बेकरीवाल्याला हवं आहे.

ताई


सोमवार, २४ एप्रिल

धाकटे,

बेकरीवाल्याला काहीही नको आहे. मला हवं आहे.

तुझं उत्तर यायच्या आधीच हे लिहिते, नाहीतर पुन्हा काहीतरी दुसरं लिहीन.

मला अंडी दिसत नाहीत. यंदा दिसली नाहीत, गेल्या वर्षी दिसली नाहीत, आणि त्याच्याही आधी कधी दिसायची थांबली ते मला सांगता येणार नाही, कारण वहीत मी दर रविवारी ‘अंडी आहेत’ असंच लिहिलं आहे. समोर काचेवर कोणीतरी श्वास सोडून ठेवल्यासारखं असतं. पुसावं म्हणून हात जातो. काच नसते.

मुद्रितांचंही तेच आहे. मी आता शब्द वाचत नाही, ओळखते. वाक्य सुरू झालं की पुढे काय असायला हवं ते मला ठाऊक असतं, आणि जे असायला हवं तेच मला दिसतं. पेटीतही तसंच झालं. घरांच्या तळाशी अंडी असायला हवी होती, म्हणून होती.

गेल्या आठवड्यात एका औषधाची पुस्तिका माझ्या सहीने छापायला गेली. मशीनवाला मशीन थांबवून वर आला. म्हणाला, “बाई, हे औषध डोळ्यांत दोन चमचे घालायचं का?”

‘थेंब’ हवं होतं. डोळ्यांचंच औषध होतं. तो हसला, मीही हसले. मग संडासात जाऊन कडी लावून उभी राहिले.

काय झालं ते आता मला नीट कळतं. दोन तारखेला मी राणीघरं कापली, पण ते कोपऱ्यातलं मला दिसलं नाही. तेवढं एक पुरेसं होतं. तीन तारखेला जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन गेली. बेकरीच्या पाटीवर लटकली होती ती माझीच पेटी. मागे राहिलेल्या माश्यांनी तिच्या शेवटच्या अंड्यांतून नवी राणी करायला घेतली. नऊ तारखेला मी वर गेले आणि त्यांनी बांधलेली चौदाच्या चौदा घरं कापली. नवी अंडी घालणारी कोणी नव्हती. जुन्या अंड्यांच्या अळ्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की त्यांची राणी होणार नव्हती. माझं काम किती चोख झालं ते बघ. एकही ठेवलं नाही.

आणि आता दोन वर्षांपूर्वीचं. त्या शनिवारी पेटी मी तपासली होती. राणीघरांच्या अकरा वाट्या बांधायला घेतलेल्या होत्या, सगळ्या रिकाम्या, असं मी लिहून ठेवलं. रविवारी मी बाहेर गेले असताना तू जुनी राणी आणि तीन चौकटी वेगळ्या पेटीत घातल्यास आणि ती पेटी घेऊन जमिनीच्या मोजणीदाराबरोबर, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याबरोबर, त्याच्या घरी निघालीस. मी त्याच्यासमोर तुला चोर म्हटलं. तू म्हणालीस, “ताई, अकराही वाट्यांत अंडी होती. आज पेटी फोडून दोन भाग केले नसते तर आठवड्याभरात अर्धी उडून गेली असती.” मी म्हटलं, “मी बघितलं होतं. रिकाम्या होत्या.” तू म्हणालीस, “मग तुला दिसलं नाही.”

मला ते वाक्य लागलं. पेटीचं एवढं नव्हतं. पेटी तू मागितली असतीस तर मी दिली असती. मागितली नाहीस ते चुकलंच तुझं, ते मी सोडत नाही. पण वाट्यांत अंडी होती. आता मला त्याची शंका नाही.

मला एक चौकट हवी आहे. अंडी असलेली, तुझ्या पेटीतली. ती मिळाली तर माझ्या माश्या तिच्यातून राणी करतील. उशीर झाला तर कामकरी माश्याच अंडी घालू लागतील, त्यांतून नुसते नर निघतील, आणि मग पेटी गेली. शेवटची झाकलेली पिल्लं या दोन दिवसांत बाहेर पडतील. त्यानंतर आत वाढणारं काही नाही.

नाही म्हणायचं असेल तर एका ओळीत म्हण.

हे लिहून मला बरं वाटलं. असं होईल असं वाटलं नव्हतं.

ताई


रविवार, ३० एप्रिल

धाकटे,

मोजणीदार अकराच्या बसने आले. खोकं छातीशी धरूनच उतरले. आत चौकट, चौकटीभोवती तुझा जुना स्वेटर, स्वेटरखाली गरम पाण्याची पिशवी. तीन तासांत ती पिशवी त्यांनी कुठे आणि कशी पुन्हा भरून घेतली ते विचारलं, तर म्हणाले, “ड्रायव्हरकडून. इंजिनाचं पाणी नाही, चहाचं.”

कंडक्टरशी त्यांचं बोलणं झालं ते असं:

“खोक्यात काय?”

“अंडी.”

“फुटतील.”

“म्हणून तर मांडीवर घेतलीत.”

मी त्यांना बसा म्हटलं. ते म्हणाले, आधी पेटी. वर गेलो. चौकट हातात घेतली तेव्हा तिच्या वरच्या पट्टीवर मला दोन टाचण्या लागल्या. मी विचारलं, या कशाला? ते म्हणाले, “तिने सांगितलंय, या टाचणीपासून त्या टाचणीपर्यंत अंडी. बाहेर मध आणि झाकलेली पिल्लं. म्हणजे तुम्हाला शोधावं लागायला नको.”

मी चौकट मधोमध बसवली. टाचण्या तशाच ठेवल्या. पाव तासाने मोजणीदार पेटीला कान लावून बसले होते, मोठा माणूस, गुडघ्यांवर. म्हणाले, “आवाज उतरला.” मी ऐकलं. खरंच उतरला होता.

खाली आल्यावर मी त्यांना म्हटलं, “त्या दिवशी मी तुमच्यासमोर जे बोलले...”

“मी काही ऐकलं नाही, ताई.”

“तुम्ही दारातच उभे होता.”

“मोजणीदार माणूस मी. दुसऱ्याच्या हद्दीतलं ऐकत नाही.”

धाकटे, तू माणूस बरा निवडलास. हे मी त्याला सांगणार नाही, तूही सांगू नकोस.

जाताना विचारलं, “डोळे दाखवलेत?” मी म्हटलं, दाखवते. “कधी?” मी म्हटलं, बघू. त्यांनी खिशातून डायरी काढली, माझ्याच फोनवरून दवाखान्यात बोलले आणि बुधवारी साडेदहाची वेळ घेतली. रविवारी दवाखान्यात फोन कोण उचलतं ते देव जाणे, यांचा उचलला.

तुझी चिठ्ठी वाचली. “एका आठवड्याने बघ. दोन राणीघरं ठेव, बाकीची काढ. सगळी नको, ताई.” ती मी पुन्हा वाचली. भिंगाने.

ताई


रविवार, ७ मे

धाकटे,

नऊ होती.

सांगते कशी मोजली. मोठं राणीघर मला दिसतं, पण कोपऱ्यातलं आणि माश्यांच्या गर्दीखालचं दिसत नाही, हे आता मान्य आहे. म्हणून हातमोजे काढले. चौकट उन्हात धरली, हलकी फुंकर मारून माश्या बाजूला केल्या, आणि बोट वरून खाली, मग आडवं, मग चारी कडांनी फिरवलं. राणीघर बोटाला लगेच कळतं. खाली लोंबतं, शेंगेसारखं, आणि पाठ खडबडीत असते. जितकं खडबडीत तितकं चांगलं, असं बाबा म्हणायचे, आठवतं? मी ते कधी तपासून बघितलं नव्हतं, डोळ्यांनी काम भागत होतं. आज नऊही घरं चाचपली. दोन गुळगुळीत होती, एक पातळ. ती आधी गेली. उरलेल्या सहांतून सगळ्यांत खडबडीत दोन ठेवली, एकमेकांपासून दूर. बाकीची चार काढताना हात थांबत होता. पण सगळी ठेवली तर पहिली बाहेर पडलेली राणी पुन्हा थवा घेऊन जायची, आणि बेकरीवाल्याचा पाव पुन्हा झाकला जायचा.

मग सगळ्या चौकटींवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. कोपरे दोनदा. काही राहिलेलं नाही. तीन डंख बसले, एक अंगठ्याच्या पेराला. सुजला आहे, म्हणून हे अक्षर असं. या वेळी पेनाचं कारण देत नाही. पेन जुनंच आहे. तेव्हाही जुनंच होतं.

डॉक्टरीणबाई तुझ्याहून लहान असतील. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा पूर्ण पिकलेला.

“इतके दिवस काय करत होता?”

“मुद्रितं तपासत होते.”

“कसली?”

मी छापखान्याचं नाव सांगितलं, औषधांच्या पुस्तिका आम्हीच छापतो म्हटलं. त्यांनी टेबलावरची एक पुस्तिका उचलली, मागचं पान बघितलं, आणि ड्रॉवरमध्ये ठेवली.

डावा आठ जूनला, गुरुवारी. उजवा पुढे महिन्याने.

छापखान्यात मालकांना जाऊन सांगितलं. वाटलं होतं, आता घरी बसा म्हणतील. ते म्हणाले, “मशीनवाला वर्षभर तुमच्यामागून एकदा वाचतो आहे. तुम्हाला माहीत आहे असं आम्हाला वाटलं.” मी खाली जाऊन मशीनवाल्याला विचारलं, “सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला, “बाई, तुम्हाला चूक दाखवायची म्हणजे माणूस तसा लागतो.”

वर्षभर. मी कोणाला सांगितलं नाही, मला कोणी सांगितलं नाही. त्या दिवशी मी घरी चालत आले. राग यायला हवा होता. तो न येता मला हलकं वाटत होतं, आणि भूक लागली होती.

आता चार आठवडे पेटी उघडायची नाही, असं तुझं म्हणणं मोजणीदारांनी फोनवर सांगितलं. उघडणार नाही. पण वर जाऊन बसते. आत जाणाऱ्या माश्यांच्या पायांवर परागांचे पिवळे गोळे दिसतात, तेवढं दिसतं. पिल्लांना खायला नेत असतील तरच इतकं नेतील. की हेही मीच जुळवते आहे? तू सांग.

ताई


रविवार, ४ जून

धाकटे,

आज उघडायचा दिवस. तू येतेस म्हणालीस ते बुधवारी, आणि मला तोवर धीर नव्हता. मी बेकरीवाल्याला वर बोलावलं.

तो तयार नव्हता. म्हणाला, “माझं त्यांचं जुनं भांडण आहे.” मी म्हटलं, “पाटीवर बसलेल्या त्या निराळ्या. त्या गेल्या. या त्यांच्या मागे राहिलेल्या.” तो म्हणाला, “म्हणजे नातेवाईक.” तरी आला. भट्टीचा एप्रन, वर बाबांची जाळीची टोपी, हातांत भट्टीतले जाड मोजे. पहिल्या पायरीपासून म्हणत होता, “मी फक्त बघणार. हात लावणार नाही.”

धूर मी दिला. चौकट मी उचलली आणि त्याच्यासमोर धरली.

“काय बघायचं?”

“ऊन पाठीवर घ्या. घरांच्या तळाशी बघा. पांढरं, उभं, दोऱ्याच्या बारीक तुकड्याएवढं.”

तो वाकला. एकेक घर बघत गेला.

“काही नाही, बाई.”

मी चौकट तशीच धरून ठेवली. कोपरं बरगड्यांना घट्ट टेकवली.

“जाळीतून काही दिसतच नाही,” तो म्हणाला, आणि टोपी वर केली. मी ओरडले. तो म्हणाला, “थांबा हो.” मग अगदी हळू म्हणाला, “हे काय... अहो, आहेत. इथे सगळीकडे आहेत. हे इतकं नीट कोणी ठेवलं?”

“एका घरात किती?”

“एक.”

“नीट बघा. दोन-दोन, तीन-तीन नाहीत? कडेला चिकटलेली?”

“एकच. मधोमध. बाई, माझ्याकडचा माणूस पावसुद्धा इतके सरळ लावत नाही.”

एका घरात एक आणि मधोमध, म्हणजे राणी. कामकरी माशीचं पोट तळापर्यंत पोचत नाही. मी चौकट जागेवर ठेवली, झाकण घातलं आणि कठड्यावर बसले.

तो म्हणाला, “रडताय काय?”

“धूर गेला डोळ्यांत.”

“धुराचा डबा विझून दहा मिनिटं झाली,” तो म्हणाला, आणि माझ्याशेजारी बसला. मग म्हणाला की त्याला एक डंख बसला आहे, कानाच्या पाळीला, पण आता काढायची घाई नाही. मी काढला. नखाने, खरवडून. चिमटीत धरला असता तर विष आत गेलं असतं, हे त्याला समजावून सांगितलं. बरीच माहिती दिली त्याला. मला थांबवत नव्हतं.

वहीत लिहिलं: ‘अंडी आहेत. बघणारा, बेकरीवाला.’ दोन वर्षांत वहीतलं हे पहिलं वाक्य, जे तपासायला मी कोणालाही देईन.

बुधवारी सकाळीच मला दवाखान्यात दाखल व्हायचं आहे. तू दुपारच्या बसने येशील तेव्हा मी घरी नसेन. किल्ली बेकरीत ठेवते. दवाखाना दोन चौकांवर आहे, पण थेट तिकडे येऊ नकोस. आधी गच्चीवर जा. तिसरी आणि चौथी चौकट काढ. बेकरीवाल्याने बघितलं ते खरंच असणार. तरी तू बघ. किती चौकटींवर अंडी आहेत, राणी दिसते का, आणि ती कशी आहे, लांब आहे की आखूड, काळी की पिवळी. मला सगळं ऐकायचं आहे. नव्या वाट्या बांधायला घेतल्या असतील तर त्यांच्या आत बघ. काही असेल तर लगेच पेटी फोड आणि एक भाग तू ने. माझी परवानगी आता इथे लिहून देते, म्हणजे मागायला नको.

मग ये. मी पडून असेन. तू सांग, मी ऐकते. ‘नीट बघितलंस ना’ असं मी विचारणार नाही.

ताई